हिरव्या पट्टीचं पेन

(मुलांच्या दवाखान्यातला लांब व्हरांडा. वॉर्डाच्या बंद दाराशेजारी लोखंडी बाक. सकाळचे अकरा वाजायला आले आहेत.)

वहिनी : ...सकाळी तासभर घरी जाऊन आले, तेव्हा मोरी बघितली, बादली पालथी घातली, दोरीवरचा एकूण एक कपडा झटकून बघितला. नाहीच! तुझा दादा म्हणतो, पोर इकडे खाटेवर पडलीय आणि तू चड्डीचं काय घेऊन बसलीस. अगं पण रक्ताने भरलेली चड्डी, रात्री मी माझ्या हाताने बाजूला टाकलेली, तिला काय पाय फुटले?

नणंद : मी नेली, वहिनी.

वहिनी : काय?

नणंद : सकाळी सहाला. पिशवीत घालून लॅबमध्ये नेली.

वहिनी : डोकं ठिकाणावर आहे ना तुझं? मी इथे रात्रभर टक्क जागी. आत्ता येईल, मग येईल, म्हणून जिन्याकडे डोळे लावून बसलेय, आणि तू पोरीची घाण चड्डी घेऊन कामावर गेलीस?

नणंद : तपासायला नेली. वहिनी, ते सगळं राहू दे. आधी सांग, इंजेक्शन दिलं का तिला?

वहिनी : कुठलं? रात्रीपासून टोचतायत नुसते. हात बघ जाऊन, चाळण झालीय चाळण.

नणंद : जंतू मारायचं. अँटिबायोटिक.

वहिनी : दिलं की. पहाटे तीनला एक. दुसरं अकराला. सिस्टर येईलच आता. अगं, काय झालं? पांढरीफटक पडलीस. बस, बस आधी.

नणंद : एक गेलं.

वहिनी : गेलं म्हणजे? कोण गेलं? नीट बोल गं.

नणंद : कोणी नाही. इंजेक्शन. वहिनी, दुसरं देऊ द्यायचं नाही. काय वाटेल ते करू, पण ते द्यायचं नाही.

वहिनी : का?

नणंद : अशा जुलाबात... चांगलं नसतं ते. कधी कधी.

वहिनी : म्हणजे एवढी शिकलेली डॉक्टर, तिला कळत नाही आणि आमच्या शास्त्रीणबाईंना कळतं. काचेच्या बशा हाताळून हाताळून.

नणंद : खरंच सांगते.

वहिनी : मग पुरतं सांग. रात्रीतून अकरा वेळा झालं तिला. अकरा! पहिल्यांदा जुलाब तरी होता, नंतर नुसतं तांबडं पाणी. पोट धरून गडाबडा लोळत होती. सहा वर्षांची पोर, तिच्यात रक्त असतं किती? आणि तू म्हणतेस औषध देऊ नका. मग काय फुंकर घालू?

नणंद : लघवी झाली का तिला?

वहिनी : लघवीचं काय मधेच?

नणंद : झाली का?

वहिनी : पहाटे झाली. एवढीशी. चूळ भरल्याइतकी. का विचारतेस? हे बघ, तू माझ्याकडे बघत नाहीयेस. मघापासून बघतेय मी, तू त्या भिंतीशी बोलतेयस.

नणंद : सिस्टर निघाली. वहिनी, ती बघ, ट्रे घेऊन निघाली. सिस्टर! ओ सिस्टर, थांबा! नका देऊ ते! भिंगरीला... पाच नंबरच्या खाटेला नका देऊ!

वहिनी : ओरडू नकोस! आजूबाजूची पोरं दचकून उठतील. भिंगरी ऐकेल आत.

डॉक्टर : काय गोंधळ चाललाय? सिस्टर, तुम्ही जरा थांबा. ट्रे तिथेच ठेवा. कोण तुम्ही?

वहिनी : ही नणंद माझी, डॉक्टर. भिंगरीची आत्या. एरवी अशी नाही हो ही. तिच्यावर जीव आहे हिचा, म्हणून...

डॉक्टर : जीव असणाऱ्यांनी मधे यायचं नसतं. पोरीला ताप आहे, रक्त पडतंय. औषधाची वेळ झालीय. बाजूला व्हा.

नणंद : डॉक्टर, तिच्या पोटातला जंतू विष बनवणारा आहे. मूत्रपिंडावर जाणारं विष. त्याला हे औषध दिलं तर तो मरता मरता जास्त विष सोडतो.

डॉक्टर : हं. काही जातींच्या बाबतीत खरं आहे ते. पण आमच्याकडे रक्ताचे जुलाब घेऊन येणाऱ्या पोरांत दहातल्या नऊ वेळा दुसराच जंतू निघतो, आणि त्याला हे औषध लागतं. तुम्ही म्हणता तो क्वचित. काल रात्री नमुना पाठवलाय, तीन दिवसांनी कळेल.

नणंद : तीन दिवस नाहीत आपल्याकडे. मी तपासलंय. मी कॉलेजच्या जंतूंच्या लॅबमध्ये असते, बारा वर्षं झाली. सकाळी तिच्या चड्डीवरून नमुना घेतला, त्यात विषाचं जनुक शोधलं. आलं. तपासणीच्या जेलवर ठसठशीत रेघ उमटलीय. हा बघा फोटो.

डॉक्टर : दाखवा. ...हं. शेजारी काय लावलंय?

नणंद : ज्याच्यात जनुक आहे असं माहीत आहे तो, आणि ज्याच्यात नाही तो. पडताळायला. दोनदा केलं.

डॉक्टर : काम स्वच्छ आहे तुमचं. पण एक सांगा. घरात पोरीला जुलाब लागले तर माणूस केळं-भात देतो, मीठ-साखरेचं पाणी देतो. तुम्ही उजाडायच्या आत उठून नेमकं हेच जनुक शोधायला गेलात. का? शंभर जंतू असतात पोटात. हाच का आठवला?

नणंद : सहज... शंका आली.

डॉक्टर : सहज अशी शंका येत नाही हो. मला औषध थांबवायचं तर कारण लागतं. हा फोटो कुणाचाही असू शकतो. चड्डीवर लॅबमधलंच काही सांडलेलं असू शकतं. एका फोटोवर मी रक्त पडणाऱ्या पोरीचं औषध बंद करू?

वहिनी : बोल ना गं!

नणंद : वहिनी, तू जरा आत जा. दादापाशी बस.

वहिनी : मी कुठेही जात नाही.

नणंद : जा ना गं. पाया पडते.

वहिनी : माझ्या पोरीचं आहे ना? मग माझ्या तोंडावर बोल.

नणंद : ...तो जंतू मी घरी आणला.

वहिनी : काय आणलं?

नणंद : जंतू. माझ्याकडून घरी आला. पेनावरून. डॉक्टर, गेल्या गुरुवारी मुलांचं प्रात्यक्षिक होतं. दोन बशा असतात. एकाच जंतूची दोन भावंडं, दिसायला सारखी, वासाला सारखी. एकाच्या अंगात विषाचं जनुक आहे, दुसऱ्याचं काढून टाकलेलं. मुलांनी ओळखायचं, कुणाच्यात आहे आणि कुणाच्यात नाही. त्या टेबलावरच्या पेनांना हिरवी पट्टी लावतो आम्ही. हिरव्या पट्टीचं पेन टेबल सोडत नाही. दर वर्षी मुलांना मीच सांगते, दरडावून सांगते.

डॉक्टर : आणि?

नणंद : आणि फोन आला. येताना पांढऱ्या दोऱ्याची दोन रिळं आण, म्हणून. मी हातमोजे काढले होते, हात धुतले होते, सगळं नीट केलं होतं. समोर होतं ते पेन उचललं आणि तळहातावर लिहून घेतलं, रिळं दोन. आणि पेन सवयीने पर्समध्ये टाकलं.

वहिनी : फोन माझा होता. शाळेच्या गणवेशांची घाई होती.

नणंद : तुझा काही दोष नाही त्यात.

वहिनी : थांब. गुरुवारी संध्याकाळी भिंगरी हत्ती काढत होती. हिरव्या पट्टीचं जाडं पेन. तिला आत्याचंच पेन पाहिजे होतं, भोकाड पसरलं होतं, म्हणून मी तुझ्या पर्समधून काढून दिलं. मी! माझ्या हाताने दिलं. टोपण तोंडात धरून बसली होती, नेहमीसारखी. मी म्हटलं, चावू नको गं, दात वाकडे होतील. दात म्हटलं मी!

डॉक्टर : पोरीला त्रास कधी सुरू झाला?

वहिनी : सोमवारी पोट दुखलं. काल रक्त.

डॉक्टर : चार दिवस. बसतंय. सिस्टर, पाच नंबरचं इंजेक्शन रद्द. तो ट्रे परत न्या. सकाळच्या रक्ताचा रिपोर्ट आला असेल तर मला आत्ता हवाय, आणि कागदावर लिहा, मूत्राची प्रत्येक धार मोजायची. थेंबसुद्धा. मी आत बघून येते, तुम्ही दोघी इथेच थांबा.

वहिनी : तुला कधी कळलं?

नणंद : जनुकाचं? आज सकाळी साडेनऊला.

वहिनी : जनुकाचं नाही विचारत मी. पेनाचं.

नणंद : ...गुरुवारीच. जेवायला बसताना. हत्ती दाखवायला आली ना, तेव्हा तिच्या मुठीत दिसलं. काढून घेतलं, तिचे हात साबणाने धुतले, तोंड धुतलं, पेन जंतुनाशकात बुडवून फेकून दिलं.

वहिनी : आणि मला म्हणालीस, शाई चांगली नाही या पेनाची.

नणंद : हो.

वहिनी : गुरुवार, शुक्रवार, शनिवार, रविवार. जेवलीस माझ्या हातचं. सोमवारी ती पोट धरून बसली तर म्हणालीस, उन्हाचं असेल.

नणंद : मला वाटलं होतं दुसरा असेल. जनुक नसलेला. दोन बशा होत्या वहिनी, निम्मी निम्मी शक्यता. आणि तिने टोपण चावलं असेल नसेल, आणि चावलं तरी... मी रोज स्वतःला सांगत होते, नसेल, नसेल, नसेल. रोज सकाळी तिच्या कपाळाला हात लावून बघायचे.

वहिनी : मला वाटायचं लाड करतेस.

नणंद : काल रक्त बघितलं आणि पाचावर धारण बसली माझी. रात्री इथे आणताना रिक्षात तुझ्या शेजारी बसले होते ना, तेव्हा जिभेवर आलं होतं. दाराशी एक शिकाऊ डॉक्टरबाई विचारत होत्या, बाहेरचं काही खाल्लंय का, कुठे गेली होती का. तेव्हा सांगायला हवं होतं. मला वाटलं, आधी खात्री करू. उगीच कशाला. उगीच दादा, तू...

वहिनी : आणि तीनला इंजेक्शन गेलं.

नणंद : हो.

वहिनी : काल रात्री दहाला तू तोंड उघडलं असतंस तर गेलं नसतं.

नणंद : नसतं गेलं.

वहिनी : मला समजेल असं सांग. काय होतं त्याने? तुझे मोठे मोठे शब्द नकोत.

नणंद : तू कपड्यावर मापाची चिठ्ठी टाचतेस ना, बाही इतकी, उंची इतकी? तशा चिठ्ठ्या असतात जंतूच्या अंगात. काय बनवायचं, कसं बनवायचं. तेच जनुक. हा जंतू तसा आपल्या पोटातल्या साध्या जंतूंचाच भाऊबंद. पण याच्यात एक चिठ्ठी जादा आहे, विष बनवायची. आणि ती त्याची स्वतःचीही नाही. कधीतरी एक विषाणू त्याच्या अंगात शिरला आणि भाडेकरूसारखा राहिला, ती चिठ्ठी त्याने आणलेली. एरवी तो भाडेकरू झोपून असतो. औषधाने जंतूवर घाला पडला की तो जागा होतो. घर पडणार म्हणून आपली पिलावळ वाढवतो, विष बनवतो आणि भिंत फोडून बाहेर पडतो. सगळं विष एकदम पोटात. तिथून रक्तात. रक्तातून मूत्रपिंडात.

वहिनी : आणि मूत्रपिंडं?

नणंद : ...बंद पडू शकतात.

वहिनी : बंद.

नणंद : सगळ्यांची नाही पडत. बऱ्याच पोरांची नाही पडत, वहिनी. बहुतेक पोरं आपली आपण बरी होतात.

वहिनी : मला धीर देऊ नकोस. दुसऱ्या कुणीही दे, तू नको देऊस.

नणंद : नाही देत.

वहिनी : शिवण चुकली तर उसवता येते गं. हे कसं उसवायचं? त्या इंजेक्शनाला आता कुठून बाहेर काढायचं? सांग ना, बारा वर्षं बशा हाताळतेस, सांग!

नणंद : नाही काढता येत.

वहिनी : मला तुला मारावंसं वाटतंय. खरंच सांगते, उचलून या बाकावर आपटावंसं वाटतंय. आणि मला भीती एवढी वाटतेय की हात उचलवत नाहीये.

नणंद : मार.

वहिनी : गप बस. दार उघडतंय. डॉक्टर आल्या. कशी आहे? डॉक्टर, कशी आहे ती?

डॉक्टर : जागी आहे. पोट दुखतंय, पण बोलतेय. सकाळच्या रक्तात मूत्रपिंडाचे आकडे ठीक आहेत. रक्त गोठवणाऱ्या पेशीही अजून घटलेल्या नाहीत. हे आजचं. उद्याचं मी सांगू शकत नाही, आणि खोटं सांगणार नाही. या विषाचा घाला जुलाब थांबायला लागल्यावर दिसतो. अजून पाच-सहा दिवस रोज रक्त बघावं लागेल.

वहिनी : आणि ते पहाटेचं इंजेक्शन?

डॉक्टर : ते मी लिहिलं होतं. मला जे सांगितलं गेलं त्यावर लिहिलं, पण सही माझी आहे. एका इंजेक्शनाने किती फरक पडला, पडला की नाही, ते कुणालाच सांगता येणार नाही. दुसरं थांबलं, हे मात्र नक्की चांगलं झालं. आता औषध म्हणजे पाणी. सलाईन चालू ठेवतोय, आणि तोंडाने घोट घोट, जेवढं पोटात राहील तेवढं. मूत्रपिंडांना कोरडं पडू द्यायचं नाही.

नणंद : जुलाब थांबवायची गोळी द्यायची नाही ना, डॉक्टर?

डॉक्टर : नाही. बरोबर. विष आत कोंडून ठेवायचं नाहीये आपल्याला. आणि तुम्ही, तुमच्या लॅबप्रमुखांना आत्ता फोन करा. माझ्यासमोर. त्या टेबलावर काम केलेल्या मुलांपैकी कुणाचं पोट बिघडलंय का, हे आज कळायला हवं. घरातले सगळे, शाळेत तिच्या बाकावर बसणारी पोरं, त्यांचंही. मलाही वर कळवावं लागेल. तुमच्या नोकरीचं काय होईल ते मला माहीत नाही.

नणंद : जाऊ दे नोकरी. फोन मी येतानाच केला. त्यांनी टेबल बंद केलंय. मुलांना बोलावताहेत.

डॉक्टर : येताना? म्हणजे इथे येऊन सांगायचं ठरवूनच आला होतात.

नणंद : तिथे सांगितलं. तिथे जमलं. इथे आले, वहिनी चड्डीचं बोलायला लागली, आणि... नाही जमलं. तुम्ही विचारलं नसतं तर अजून पाच मिनिटं गेली असती.

डॉक्टर : हं. मी खाली आहे. आई, तुम्ही थोडं खाऊन घ्या. हे लांबणार आहे.

वहिनी : आई म्हणतात मला. आई म्हणे. स्वतःच्या हाताने पेन देणारी आई.

नणंद : वहिनी, तू नको असं...

वहिनी : मला माहीत आहे माझा दोष नाही ते! शंभर वेळा माहीत आहे. तरी ते टोपण माझ्या डोळ्यांसमोरून जात नाहीये. तुला कळतंय का, तू मला काय देऊन बसलीस? आयुष्यभर मी पोरीच्या हातात पेन देताना आधी टोपण काढून घेणार.

नणंद : कळतंय.

वहिनी : दादाला आज काही बोलू नकोस. त्याच्या तोंडाकडे बघवत नाहीये. मघाशी तो तिच्या पायाची बोटं मोजत बसला होता, एक, दोन, तीन, पुन्हा एक, दोन, तीन. उद्याचं रक्त येऊ दे. मग सांग. तू सांगायचंस, मी सांगणार नाही. आणि मी तुझ्या शेजारी उभीही राहणार नाही.

नणंद : बरं.

वहिनी : घरी... घरी यायचं की नाही ते मला आत्ता विचारू नकोस.

नणंद : नाही विचारत. मी इथे खाली बसते. जिन्याशी. काही लागलं तर हाक मार, नाही मारलीस तरी मी तिथेच आहे.

वहिनी : दार लोटलेलं आहे का बघ. काहीतरी म्हणतेय ती.

नणंद : पाणी नको म्हणतेय दादाला. मळमळतंय म्हणतेय.

वहिनी : रात्रीपासून तेच चाललंय. माझ्या हातून चमचाभर गेलं नाही, त्याच्या हातून तर थुंकूनच टाकलं. ओठ मिटून घेते. ऐकतेयस ना? आत्या कुठाय म्हणून विचारतेय.

नणंद : ऐकलं.

वहिनी : मग उभी काय राहिलीस?

नणंद : मी आत जाऊन... तिला पाणी पाजलेलं तुला चालेल?

वहिनी : मला नाही चालत. पण तिला तूच लागतेस. जा, हात धुऊन घे आधी.